आठळ्यांचा कागद

"पाण्याचा एक ग्लास मिळेल का?" भिकाजी आरोलकरांनी विचारलं.

बिडवई साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला तहान लागली असेल. त्यांनी आपल्यासमोरचा ग्लास पुढे सरकवला. आरोलकरांनी पिशवीतून एक वही काढली, वहीच्या पानांमधून दोन बोटं रुंदीची एक पारदर्शक पट्टी काढली आणि ती अलगद ग्लासात सोडली.

"हे काय करताय?"

"भिजत घातली, साहेब. तुमच्या पत्रात लिहिलंय ना, पिठाचा कागद ओल लागली की विरघळतो, त्यात अन्न कसं गुंडाळणार. म्हणून म्हटलं, तुमच्यासमोरच ठेवावी."

"इथे प्रयोग करायचे नसतात. इथे फक्त बोलायचं."

"बरं. मग तो ग्लास राहू दे बाजूला. आपण बोलू."

ही दोन हजार बाराच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेव्हा पेटंट कार्यालयात परीक्षक होते. नऊ वर्षं झाली होती. कुणी म्हणालं की मी एक नवी वस्तू किंवा नवी रीत शोधलीय, तिच्यावर माझा हक्क द्या, की तो अर्ज माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर यायचा. हे खरंच नवं आहे का, जगात आधी कुणी केलंय का, ते मी शोधायचं आणि अहवाल लिहायचा. अर्जदाराचं त्यावर म्हणणं असेल तर सुनावणी व्हायची. सुनावणी बिडवई साहेब घ्यायचे, निकालावर सही त्यांची असायची. पण निकालाचा मजकूर मी लिहायचे आणि माझ्या मजकुरावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

माझ्याकडे रसायनाचे अर्ज असत. प्लास्टिक, रंग, गोंद, औषधांच्या गोळ्यांवरचे लेप. सुरुवातीला मी प्रत्येक अर्ज कादंबरीसारखा वाचायचे. घरी गेल्यावर आईला सांगत बसायचे की आज एकाने काय शोधून काढलंय बघ. मग बरोबरचे दोघं नोकरी सोडून गेले, त्यांचे गठ्ठे माझ्याकडे आले, आणि महिन्याला किती अहवाल झाले हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं जाऊ लागलं. डोळ्यांखालून कागद जात राहायचे. संध्याकाळी विचारलं असतं की आज काय वाचलं, तर मला सांगता आलं नसतं.

आरोलकरांचा अर्ज एकोणीस पानांचा होता. वेंगुर्ल्याच्या एका टायपिंग सेंटरमध्ये इंग्रजीत टाइप केलेला. पहिल्याच ओळीत तीन चुका. वकील नव्हता, एजंट नव्हता. फणसाच्या आठळ्यांच्या पिठापासून खाद्यपदार्थ गुंडाळायचा पातळ कागद, प्लास्टिकसारखा चिकटणारा, पण टाकून दिला तर महिन्याभरात मातीत मिसळणारा. त्यात कोकमाच्या बियांचं तेल आणि ग्लिसरीन. मी शोध घेतला तेव्हा एका जपानी कंपनीचा सहा वर्षं जुना अर्ज सापडला: बियांचं पीठ, झाडाचं तेल, ग्लिसरीन, अन्न गुंडाळण्यासाठी. मी अहवालात लिहिलं, हे आधीच माहीत असलेलं आहे, शिवाय पिठाचा कागद ओलीने विरघळतो.

त्यावर त्यांनी हाताने लिहिलेलं सहा पानी उत्तर पाठवलं आणि सुनावणी मागितली.

आता ते समोर बसले होते. साठी उलटलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग. असे डाग मी ओळखत होते. ॲसिडचे.

"तुम्ही कॉलेजात शिकवत होता का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. मी लॅब अटेंडंट. एकोणतीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काचसामान धुतलं. शिकवणारे शिकवायचे, मी ऐकायचो."

"ठीक आहे. हा जपानी अर्ज तुमच्या आधीचा आहे. त्यात पीठ आहे, तेल आहे, ग्लिसरीन आहे. तुमच्यात वेगळं काय?"

"तेल कुठे घालायचं आणि कधी घालायचं, ते वेगळं आहे." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, पिठाच्या कागदात तेल मिसळलं की तो वाळताना तडकतो. मीही वर्षभर तडकलेलेच कागद काढले. मग एकदा बायकोने आठळ्या सोलायचा कंटाळा केला. आतलं तांबूस साल तसंच राहिलं. आणि तो कागद तडकला नाही. त्या सालामुळे तेल पिठाला धरून राहतं. पण लगदा कोमट झाल्यावरच भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, घालायचं, गरम असताना नाही. हे सगळं अर्जात आहे, अकराव्या पानावर."

"जपानी अर्जातही पाण्यात टिकणारा कागदच आहे," मी म्हणाले.

"असेल. पण त्यांनी तो कसा टिकवलाय?"

मी समोरच्या कागदांकडे बघितलं. बाहेर बाकावर पुढच्या सुनावणीचे लोक येऊन बसले होते. त्यांच्यातला एक जण दाराच्या काचेतून आत डोकावत होता.

"मॅडम," आरोलकर म्हणाले, "मला तो अर्ज वाचता येत नाही. तुम्ही मला त्याचं एक पान पाठवलंत, तेवढंच मी पाहिलं. तुम्ही तो पूर्ण वाचलाय ना?"

"हो," मी म्हणाले.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात संशय अजिबात नव्हता. मग त्यांनी वही मिटली.

"मग माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पूर्ण वाचून तुम्ही सांगताय, तर तसंच असणार."

साहेबांनाही आश्चर्य वाटलं. सुनावणीला आलेला माणूस इतक्या लवकर गप्प होत नाही. आरोलकर उठले, दोघांना नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली आणि गेले. ग्लास तिथेच राहिला.

त्या दिवशी आणखी चार सुनावण्या झाल्या. पाच वाजता झाडायला येणाऱ्या सखूबाईंनी टेबलावरचा ग्लास उचलून विचारलं, "ह्यात कायतरी पडलंय, टाकू?" मी बघितलं. पट्टी होती तशीच होती, कडासुद्धा फुगल्या नव्हत्या. सहा तास झाले होते.

"टाका," मी म्हणाले.

दोन दिवसांनी मी निकालाचा मजकूर लिहिला. बिडवई साहेबांनी सही केली. अर्ज फेटाळला गेला.

चार आठवड्यांनी माझ्याकडे दुसरा एक अर्ज आला. मोठी कंपनी, मोठे वकील, एकशे साठ पानं. पिठाच्या कागदाचाच. वकिलांनी आपणहून लिहिलं होतं की अमुक जपानी अर्ज आमच्या आड येत नाही, कारण त्याच्या सदतिसाव्या परिच्छेदात नेमकं उलटं सांगितलंय. त्या अर्जाचा क्रमांक ओळखीचा होता. तोच जपानी अर्ज.

मी कपाटातून तो काढला. जपानीचं यंत्राने केलेलं इंग्रजी भाषांतर, एक्केचाळीस पानं. पहिलं पान, म्हणजे सारांशाचं पान, माझ्या पेन्सिलीने रंगलेलं होतं. बाकीच्या चाळीस पानांना घडीसुद्धा पडलेली नव्हती.

मी पूर्ण वाचलेलं नव्हतं. मी एक पान वाचलं होतं.

त्या दुपारी मी जेवायला गेले नाही. चाळीस पानं वाचली. वाक्यं मोडकी होती, पण अर्थ लागत होता. जपान्यांनी पिठाच्या कागदाला दोन्ही बाजूंनी कृत्रिम प्लास्टिकचा पापुद्रा लावला होता आणि तेल फक्त वरून फवारलं होतं. म्हणजे तो नीट कुजणाराही नव्हता. आणि सदतिसाव्या परिच्छेदात लिहिलं होतं: तेल पिठाच्या आत मिसळून पाहिलं. प्रत्येक वेळी कागद वाळताना तडकला. म्हणून ही रीत वापरू नये.

जी रीत जमणार नाही असं त्यांनी छापून ठेवलं होतं, तीच वेंगुर्ल्याच्या लॅब अटेंडंटने जमवून दाखवली होती. ज्या कागदावरून मी त्याचा अर्ज फेटाळला, तोच कागद त्याच्या बाजूने साक्ष देत होता.

मी बिडवई साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"सही झालेली आहे, तोरणे," ते म्हणाले.

"ती फिरवता येईल ना?"

"आपण आपणहून नाही. त्याने फेरविचाराचा अर्ज करायला पाहिजे. निकाल मिळाल्यापासून महिन्याच्या आत."

"त्याला कोण सांगणार की करायला पाहिजे?"

"आपण नाही. परीक्षकाने अर्जदाराशी खासगीत बोलायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे." मग म्हणाले, "किती वाचायचं माणसाने? मीही कुठे वाचला होता तो? तुमचा मजकूर वाचला. तुम्ही थकलात, मीही थकलोय. जाऊ द्या."

ते वाईट माणूस नव्हते. माझ्यावरच्या मायेनेच बोलत होते. मी जागेवर येऊन बसले. टपालाच्या नोंदीप्रमाणे निकाल आरोलकरांना मिळून तेवीस दिवस झाले होते. सात उरले होते.

मी शुक्रवारची रजा टाकली आणि वेंगुर्ल्याजवळच्या कुडाळचं रेल्वेचं तिकीट काढलं.

वेंगुर्ल्यात त्यांचं घर शोधायला त्रास पडला नाही. "कागदवाले आरोलकर ना?" रिक्षावाल्याने विचारलं. मे महिन्याचा उकाडा होता. अंगणात जुन्या खिडक्यांच्या काचा ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांवर एक बाई आमसुलं वाळत घालत होत्या. मी नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले. पण "या" म्हणाल्या नाहीत.

आरोलकर बाहेर आले. मला पाहून गडबडले. "मॅडम, तुम्ही? एवढ्या लांब? बसा, बसा. अगो, पाणी आण."

पाणी आलं. मी ते प्यायच्या आधीच बोलले. नाहीतर मला बोलता आलं नसतं.

"आरोलकर, तुम्ही मला विचारलं होतं, तो अर्ज पूर्ण वाचलाय का. मी हो म्हणाले. मी वाचला नव्हता. एकच पान वाचलं होतं. आता पूर्ण वाचला. तुमचं बरोबर होतं."

ते पडवीच्या पायरीवर बसले. बोलल्या त्यांच्या बाई.

"तुमी सगळा वाचलास असा सांगलास, म्हणान हे गप ऱ्हवले," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "थंयसून इले नि म्हणाले, त्या बाईन पुरा वाचल्यान, म्हणजे माझाच चुकला. मगे सगळ्यांका सांगून इले, काम बंद करा."

"कुणाला?" मी विचारलं.

आरोलकरांनी समोरच्या काचांकडे बोट केलं. "बचत गटातल्या नऊ बायका येत होत्या. फणसपोळी करतात, ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकायच्या. मी त्यांना हा कागद करायला शिकवला होता. ह्या काचांवरच वाळवायचो. निकाल आला तेव्हा मी जाऊन सांगितलं की हे जपानी लोकांचं आहे. आपल्याला वाटलं आपलं, पण दुसऱ्याचं निघालं. दुसऱ्याचं आपण वापरायचं नाही."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की अर्ज फेटाळला म्हणून कागद करायला बंदी होत नाही. जपान्यांचा हक्क इथे नव्हताच. त्या नऊ बायकांनी उद्यापासून कागद केला असता तरी कुणी अडवलं नसतं. हे मी सांगितलं तेव्हा ते खाली मान घालून हसले. त्या हसण्याकडे मला बघवलं नाही.

"चौघी काजूच्या कारखान्यात गेल्या," ते म्हणाले. "बाकीच्यांनी परत प्लास्टिक आणलं. मला वाटायचं, वर्षभर मी जे पाहिलं ते खरंच पाहिलं का? की म्हातारपणी डोळ्यांना भास होतोय? लॅबमध्ये कधी माझं निरीक्षण चुकलं नव्हतं. रात्री उठून वही तपासायचो. ही म्हणायची, वेडे झालात."

मी फेरविचाराच्या अर्जाचा कोरा नमुना पर्समधून काढला. मुदत संपायला किती दिवस उरलेत ते सांगितलं. कुठे काय भरायचं ते दाखवलं. एका रकान्यात कारण लिहायचं होतं.

"इथे काय लिहू?"

"जपानी अर्जाचा परिच्छेद सदतीस लक्षात घेतला गेला नाही, असं लिहा."

त्यांनी पेन उघडलं, आणि परत बंद केलं.

"लक्षात घेतला गेला नाही," ते हळूच म्हणाले. "कुणी घेतला नाही, ते नाही लिहायचं?"

मी नमुन्यावरची घडी बोटाने सपाट केली.

"मॅडम, लॅबमध्ये फुटलेल्या वस्तूंचं एक रजिस्टर असायचं. सरांच्या हातून बीकर फुटला तरी त्यात लिहायचं, 'बीकर फुटला'. फोडला असं नाही, फुटला. आणि खाली सही माझी. एकोणतीस वर्षं मी असं लिहिलं. दुसऱ्यांनी केलेली घाण धुणं हेच माझं काम होतं, तक्रार नाही." त्यांनी नमुना माझ्यापुढे सरकवला. "पण आता मी रिटायर झालो. हे तुम्ही लिहा. तुमच्या हाताने, तुमच्या नावाने."

"माझी नोकरी जाऊ शकते," मी म्हणाले. हे बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

"जाऊ शकते," ते म्हणाले. "मी तुमच्यावर जबरदस्ती करत नाही. तुम्ही इथवर आलात, ते कुणी आलं नसतं, हे मला कळतं. नाही लिहिलंत तर मी 'लक्षात घेतला गेला नाही' असं लिहीन आणि पाठवीन. तुमचं नाव माझ्या तोंडातून येणार नाही."

त्यांच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणीच घाई करत नव्हतं. दोन दिवस झोप झाली नव्हती, आणि खरं तर कित्येक वर्षं झाली नव्हती. मला वाटलं, ते म्हणतात तसं करावं, नमुना त्यांच्याकडे देऊन गाडी पकडावी. साहेबही म्हणाले होते, जाऊ द्या. सगळेच मला जाऊ द्यायला तयार होते.

मी वेगळा कागद मागितला. आरोलकरांनी वहीतलं मागचं पान नीट फूटपट्टी लावून फाडून दिलं. मी लिहिलं: मी, वृंदा तोरणे, परीक्षक, हा अर्ज तपासताना जपानी अर्जाचं फक्त पहिलं पान वाचलं. सुनावणीत अर्जदाराने विचारल्यावर मी पूर्ण वाचल्याचं खोटं सांगितलं. परिच्छेद सदतीस अर्जदाराच्या बाजूने आहे. खाली सही, तारीख आणि ठिकाण.

आरोलकरांनी ते दोनदा वाचलं. मग "हां," एवढंच म्हणाले, आणि नमुन्याला टाचणी लावली. पोस्टात आम्ही दोघं गेलो. त्यांनी रजिस्टर्ड पोस्टाची पावती घेतली, नंबर वहीत उतरवला आणि मला एस.टी. स्टँडवर सोडलं. वाटेत ते आंब्याच्या भावाबद्दल बोलले.

सोमवारी मी बिडवई साहेबांना स्वतःच सांगितलं. त्यानंतर बरेच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. चौकशी झाली. खोटं सांगितल्याचा ठपका होताच; मी अर्जदाराच्या घरी गेले, हा दुसरा, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा धरला गेला. नोकरी राहिली. मला परीक्षणाच्या कामावरून काढून तळमजल्यावरच्या अभिलेख विभागात पाठवलं. तिथे निकाली निघालेल्या अर्जांचे गठ्ठे लावायचे असत. चार वर्षं मी तिथे होते.

फेरविचाराला आठ महिने लागले. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी तो ऐकला. आरोलकरांना पेटंट मिळालं. नऊ बायकांपैकी तिघी परत आल्या. कुठली मोठी कंपनी काही त्यांच्या दारात आली नाही. हे मला तळमजल्यावर, त्याच अर्जाचा गठ्ठा लावायला आला तेव्हा, कागदांवरून आणि नंतर फोनवरून कळलं.

फोन त्यांचाच आला होता. विभागाच्या नंबरवर.

"मॅडम, आलं हो. काल पोस्टाने आलं."

"माहीत आहे. अभिनंदन."

"हिने देवापुढे ठेवलंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "वरती फोन केला होता. म्हणाले, तुम्ही आता खाली बसता."

"हो. अभिलेख विभागात. जुने कागद असतात."

"धूळ असेल."

"आहे."

"वाळवी?"

"तीही आहे."

मला वाटलं, आता ते सॉरी म्हणतील, किंवा मी काहीतरी म्हणावं अशी वाट बघतायत. दोन्ही नव्हतं.

"नाकाला ओला रुमाल बांधत जा," ते म्हणाले. "कोरडा नको, ओला. आणि दुपारी पाच मिनिटं बाहेर उन्हात येऊन उभ्या राहा. मी ॲसिडच्या खोलीत तसंच करायचो. नाहीतर छाती धरते."

"बरं," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मी नळावर गेले, रुमाल भिजवला, पिळला, आणि पुढचा गठ्ठा उघडला.